पडवळापायी खणलेली विहीर

वेल्ह्याच्या मराठी शाळेचे हेडमास्तर आनंदराव यांच्यावर भाजीपाला लावायची वेळ आली ती बायकोच्या डोहाळ्यांमुळे. एरवी या गृहस्थाने आयुष्यात काही पेरलं असेल तर ते घटस्थापनेला, पत्रावळीवरच्या मातीत चार गहू. त्यातलेही तीन उंदरांनी नेले होते.

रतनबाईंना तिसरा महिना लागला होता. बाकीच्या बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात. शेजारच्या साळूबाईंच्या थोरल्या सुनेने तर म्हणे दोन महिने भिंतीचे पोपडे खाल्ले होते, आणि त्या पोटचा मुलगा पुढे गवंडी झाला, असं साळूबाई शपथेवर सांगत. रतनबाईंना पडवळ लागलं. साधं पडवळ. हरभऱ्याची डाळ भिजत घालून, वर ओलं खोबरं पेरून केलेली पडवळाची भाजी. आणि ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली ती आषाढाच्या तोंडावर, वेल्ह्यात.

साल होतं एकोणीसशे अडतीस. भोर संस्थान जागेवर होतं, मोटार नसरापूरपर्यंत येत होती, आणि नसरापूरपासून पुढे वेल्ह्यापर्यंत पावसाळ्यात माणूस चिखलाच्या मर्जीने येत होता. त्या दिवसांत वेल्ह्यात मुबलक मिळायचा तो फक्त पाऊस. त्याखालोखाल बटाटे, कांदे, सुकट आणि साळूबाई रानातून खुडून आणतील तो टाकळा. तोरणा किल्ला एकदा ज्येष्ठात ढगात शिरला की नवरात्रापर्यंत तोंड दाखवत नसे. जिथे अख्खा किल्ला दिसायची मारामार, तिथे पडवळ कुठून दिसणार?

"बोटभर चाललं असतं हो," रतनबाई म्हणाल्या आणि ताटातल्या बटाट्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की बटाट्यालाच ओशाळं व्हावं.

आनंदराव भोरचे. भोरच्या माणसाने वेल्ह्यात येऊन हार मानावी हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. शिवाय ते पद्धतशीर गृहस्थ होते. फळा पुसायचा तोही वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. शाळेच्या कपाटात परसातल्या भाजीपाल्यावरची एक जुनी चोपडी होती, ती त्यांनी काढली, झटकली आणि चष्मा लावून दोन दिवस वाचली. तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "पडवळ आपण घरीच पिकवू."

"म्हणजे कधी?"

"साठ-सत्तर दिवसांत."

"तोवर बाळच मागेल पडवळ," रतनबाई म्हणाल्या.

पण एक अट त्यांनी घातली. भोरला एका दुकानात विलायती खताची पांढरी पूड मिळते, ती मागवावी असं आनंदरावांच्या मनात होतं. रतनबाईंनी साफ सांगितलं, "ती पूड पडवळ खाणार, आणि पडवळ मी खाणार. नको. शेणावर, पाल्यावर वाढलेलंच हवं मला." डोहाळकरणीचा शब्द मोडायचा नसतो. पांढरी पूड बाद झाली.

आता या चोपडीविषयी थोडं सांगायला हवं. ती लिहिणारे गृहस्थ कोरडवाहू मुलखातले असावेत, कारण पानापानावर ते पाण्यावाचून कासावीस झालेले दिसत. 'बी खोलगट आळ्यात लावावे. आळ्यात पाणी साठून राहील अशी तजवीज करावी. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालावे.' 'न चुकता' या शब्दांखाली रेघ होती. आनंदरावांनी परसात सहा खोलगट आळी केली, बी लावलं, आणि सकाळी सात व संध्याकाळी पाच अशी पाण्याची वेळ ठरवली.

पाऊस तर धो धो कोसळत होता. आनंदराव डोक्यावर इरलं घेऊन, म्हणजे कामट्यांचं आणि पानांचं ते कासवाच्या पाठीसारखं छप्पर पांघरून, हातात झारी धरून परसात उतरले आणि पाणी घालू लागले. कुंपणापलीकडे साळूबाई गोठ्यातलं शेण काढत होत्या. त्यांच्या हातातली पाटी जागच्या जागी थांबली.

"मास्तर, काय करताय?"

"पाणी घालतोय."

साळूबाईंनी आभाळाकडे पाहिलं. मग झारीकडे. मग पुन्हा आभाळाकडे. "अन् ह्ये काय पडतंय मग?"

"ते पावसाचं," आनंदराव म्हणाले. "त्याला वेळापत्रक नसतं."

साळूबाई तशा अनुभवी. साठी उलटलेली बाई, चार मुलांना आणि कितीक वासरांना वाढवलेली. पण शिकलेल्या माणसाला शिकवावं कसं? त्यांनी पाटी उचलली आणि घरात जाऊन आधी सुनेला बोलावून आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला कुंपणाशी सात इरली उभी होती. तिसऱ्या दिवशी अकरा. माणसं हसत नव्हती, हे मात्र सांगायला हवं. मास्तरांचा मान राखून ती गंभीर चेहऱ्याने बघत, आणि झारी रिकामी झाली की एखादा हळूच म्हणे, "झालं बरं का आजचं," आणि सगळी पांगत. आनंदरावांना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

आठव्या दिवशी सहाही आळ्यांची सहा डबकी झाली. बी कुजलं. एके सकाळी साळूबाई कुंपणावरून डोकावल्या आणि आपुलकीने म्हणाल्या, "मास्तर, बेडकं चांगली धरलीत."

आनंदराव खचले नाहीत. चोपडीत उगवण न होण्याचं कारण दिलेलंच होतं, 'जमिनीत कस नसणे'. त्यावर उपाय खताचा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्यावा; त्यात पालापाचोळा, शेण, राख, माती असे थरावर थर द्यावेत; सूक्ष्म जंतू आपले काम करतील. आता मास्तरांचं राहतं घर शाळेच्या आवारात, म्हणजे जमीन सरकारी. सरकारी जमिनीत विनापरवाना खड्डा खणणं आनंदरावांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. त्यांनी अर्ज लिहिला. सात कलमी.

इथून पुढे जे घडलं त्याचा दोष कुणा एकाला देता येत नाही. कोंडिबा नावाचा एक शिपाई टपाल घेऊन जात-येत असे. त्याने नंतर उलगडा केला तो असा: "मास्तर, खणायचा छापील कागुद वरच्या कचेरीत योकच हाय. हिरीचा. खड्ड्याचा कागुदच न्हाई. मंग त्येंनी तुमचा खड्डा हिरीच्या कागदात बशिवला." परवानगी आली, आणि तिच्यामागोमाग छापील पृच्छा: 'खोदकाम किती फूट झाले? पाणी लागले काय? असल्यास किती?'

आनंदरावांना हा प्रश्न जरा चमत्कारिक वाटला, पण सरकारने विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ते परसात गेले. खड्डा खणून दोन दिवस झाले होते आणि दोन्ही दिवस पाऊस क्षणभर थांबला नव्हता. त्यांनी काठी घालून पाहिलं आणि टाकाने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खोदकाम तीन फूट. पाणी काठोकाठ आहे.'

वरच्या कचेरीत त्या कागदाचं काय झालं ते बघायला कुणी गेलं नव्हतं. पण जिथे उन्हाळ्यात तीस-तीस फूट खणून दगडच लागायचा, त्या डोंगरात तीन फुटांवर काठोकाठ पाणी, ही बातमी टेबलांवरून टेबलांवर गेली असणार यात शंका नाही.

इकडे आनंदरावांनी बादल्यांनी खड्डा उपसला, वर गवताचं छप्पर घातलं आणि थर द्यायला घेतले. आणि मग गाव जागं झालं. पाणी घालताना जी माणसं गप्प उभी राहिली होती, त्यांना खताच्या बाबतीत मात्र बोलल्यावाचून राहवेना, कारण खत हा त्यांचा घरचा विषय होता. एक म्हणाला, ऐनाचा पाला घाला. दुसरा म्हणाला, ऐन नको, करंज घाला. एक म्हातारबा रोज येऊन नुसता वास घेत आणि "अजून न्हाई," म्हणून जात. वास मात्र असा सुटला की रतनबाईंनी पदर नाकाला लावला तो काढलाच नाही, आणि चूल मागच्या पडवीतून पुढच्या ओसरीत आली.

"अहो, माझे डोहाळे पडवळाचे आहेत, की याचे?"

"हे त्याचंच पूर्वरूप आहे," आनंदराव म्हणाले.

दरम्यान दुसरी लावणी झाली होती. या खेपेला आनंदरावांनी पाणी घालायचं सोडलं होतं, एवढी प्रगती होती. बी उगवलं. चार-चार पानं आली. ती बघायला रतनबाई सकाळी पडवीत खुर्ची टाकून बसू लागल्या. आणि त्याच सुमारास आनंदरावांना कळलं की शेरडांच्या लेंडीखतासारखं खत नाही. डोंगरावरच्या धनगरवाड्यातला हैबती आठवड्याला खाली बाजारला यायचा. त्याला त्यांनी गाठलं आणि दोन पोती लेंड्या आणून टाकायला सांगितलं.

हैबतीने मान डोलावली. डोलावताना तो विचार करत होता. विचारी माणूस, पण घाटवाट उतरताना पाठीवर ओझं घेण्याच्या विरुद्ध. दोन दिवसांनी, आनंदराव शाळेत चौथीला त्रैराशिक शिकवत असताना, त्याने आपली सतरा शेरडं सरळ मास्तरांच्या परसात आणून बसवली. रतनबाई आत पडल्या होत्या. आनंदराव शाळा सोडून आले तेव्हा हैबती कुंपणाला टेकून समाधानाने विडी ओढत होता.

"पोती वाहून आनायपरास म्हनलं कारखानाच आनावा," तो म्हणाला. "बगा की, ताजं-ताजं."

लेंड्या भरपूर पडल्या होत्या. पडवळाचं एक पान शिल्लक नव्हतं. एक करडू खताच्या छपराचं गवत खात होतं. आनंदरावांना खूप काही बोलायचं होतं, पण संतापाच्या भरात तोंडातून निघालं ते, "हैबती, हे नियमाला धरून नाही!"

"न्हाई ना," हैबतीने कबूल केलं. "शेरडंच ती."

त्या संध्याकाळी रतनबाई रडल्या. पडवळासाठी रडल्या, की वासाने, की भोरची आठवण येऊन, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आनंदराव नुसते शेजारी बसून राहिले. चोपडीत यावर काही नव्हतं. मग साळूबाई आल्या, त्यांनी रतनबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि आनंदरावांकडे न बघता म्हणाल्या, "मास्तर, ते पुस्तक ठिवा फळीवर. उद्यापासनं म्या सांगती तसं करायचं. शिकलेल्या मान्साला सांगायला जीव धजत नव्हता, पर आता ह्या पोरीचं तोंड बगवंना."

श्रावण लागला होता. साळूबाईंनी पहिल्या दिवशी आनंदरावांची आळी उलटी केली. म्हणजे खोलगट होती तिथे गुडघाभर उंचीचे ढीग घातले, खाली दगडगोटे, वर माती आणि खड्ड्यातलं खत. एव्हाना ते काळं, भुसभुशीत झालं होतं, आणि वासाचं नाव नव्हतं. रोज येणारे म्हातारबा पहिल्यांदाच "आता झालं," म्हणाले होते. "हितं पान्याला जाऊ द्यायचं असतंय, मास्तर, बसवून घ्यायचं नसतंय. पाव्हना लई झाला म्हंजी वाट मोकळी ठिवायची," साळूबाई म्हणाल्या. त्यांनी आढ्याला टांगलेल्या सुक्या भोपळ्यातून राखेत ठेवलेलं पडवळाचं बी काढलं आणि रतनबाईंच्या हाताने ते ढिगांवर लावून घेतलं.

गोगलगाई आल्या. साळूबाईंनी ढिगांभोवती भाताचं तूस पसरलं आणि शेजारी रात्रभर ओलं पोतं टाकून ठेवायला सांगितलं; सकाळी पोतं उलटलं की खाली गोगलगाई बसलेल्या असत, वर्ग भरल्यासारख्या. पानांवर पिवळे डाग पडले. साळूबाईंनी तळची पानं काढून टाकली आणि आंबट ताक पाण्यात घालून कडुलिंबाच्या डहाळीने शिंपडलं. मावा पडला, त्यावर गोमूत्र. हे गोमूत्र धरायला आनंदराव पहाटे साळूबाईंच्या गोठ्यात तांब्या घेऊन उभे राहत. गाय त्यांच्याकडे बघे, ते गाईकडे बघत, आणि दोघांचाही संकोच जाईपर्यंत शाळेची वेळ होई. हेडमास्तराच्या प्रतिष्ठेचं काय, हा प्रश्न त्यांना पहिले तीन दिवस पडला. चौथ्या दिवशी तांब्या भरला आणि त्या आनंदात प्रश्न राहून गेला.

वेल वाढू लागले. नुसते वाढले नाहीत, उधळले. मांडव झाकला, मांडवावरून शाळेच्या कौलांवर गेले, एक तंतू तर घंटेच्या दोरीला जाऊन चिकटला. संध्याकाळी पांढरी झालरीची फुलं उमलत. मग बोटभर पडवळं लोंबू लागली. ती वाकडी होऊ नयेत म्हणून साळूबाईंनी प्रत्येकाच्या शेंड्याला सुतळीने एक-एक दगड बांधला. शेजारीपाजारी, शाळेतली पोरं, जो तो दगड आणून देऊ लागला. मांडवाखालून जाणाराने डोकं सांभाळायचं, असा दंडक पडला.

याच दिवसांत एक माणूस खांद्याला पिशवी लावून परसात शिरला. साथीच्या दिवसांत विहिरींमध्ये लाल औषध टाकत गावोगाव फिरणारा तो.

"मास्तरांची विहीर कुठाय?"

"विहीर नाही इथे."

त्याने यादी दाखवली. यादीत विहीर होती. आनंदराव त्याला खड्ड्यापाशी घेऊन गेले. त्याने आत वाकून पाहिलं. "ही?"

"हे खत आहे."

"औषध टाकतो. जंतू मरतील."

"अहो, जंतू मारायचे नाहीत!" आनंदराव कळवळून ओरडले. "जंतूंसाठीच तर मी दोन महिने खपलोय!"

त्या माणसाने आजवर अनेक गावं पाहिली होती, पण जंतूंची बाजू घेणारा हेडमास्तर पाहिला नव्हता. बरीच घासाघीस झाली. शेवटी त्याने खड्ड्याच्या छपरावर चिमूटभर औषध टाकलं आणि 'विहीर निर्जंतुक केली' या वाक्याखाली आनंदरावांची सही घेतली. सही केल्याशिवाय तो हलायला तयार नव्हता, आणि पाऊस आला म्हणून आनंदरावांनी केली. कागदावरची विहीर अशा रीतीने आणखी खोल गेली.

भाद्रपद संपता संपता पहिलं पडवळ तयार झालं. हातभर लांब, सरळ, हिरव्यावर पांढऱ्या रेघा. साळूबाईंनी स्वतः काढून रतनबाईंच्या ओटीत घातलं. हरभऱ्याची डाळ रात्रीच भिजत घातली होती. आनंदराव शाळेला पाऊण तासाची सुट्टी देऊन घरी आले आणि पाटावर बसले. रतनबाईंनी झाकण काढलं, वाफ आली, आणि त्या तोंडाला पदर लावून तडक परसात पळाल्या.

परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "अहो, रागावू नका. वासच सहन होत नाही हो आता."

"मग काय हवंय?" आनंदरावांनी विचारलं. आवाज शक्य तितका शांत होता.

"सुकट," रतनबाई हळूच म्हणाल्या. "भाजून. कांदा घालून."

सुकट आषाढापासून घरात होती. मग आधी साळूबाईंना हसू फुटलं, नंतर रतनबाईंना, आणि दोघी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. आनंदराव हसले नाहीत. त्यांनी एकट्याने पाटावर बसून सगळी भाजी खाल्ली, आणि खाताना त्यांच्या लक्षात आलं की एवढी चवदार भाजी आपण जन्मात खाल्लेली नाही. तेव्हा ते हसले.

आणि दुसऱ्याच दिवशी कोंडिबा लखोटा घेऊन आला. 'आपण अत्यल्प खोलीवर मुबलक पाणी असलेली विहीर लोकोपयोगार्थ खोदून जी कामगिरी बजावली, तिची पाहणी करण्यासाठी व आपणांस शाबासकीचे पत्र देण्यासाठी साहेब येत्या गुरुवारी येत आहेत.'

आनंदरावांनी ते तीनदा वाचलं आणि ते ओट्यावर बसले. कोंडिबाने धीर दिला तो असा: "खोटी हीर दावली म्हनून मानसं घरी गेल्याती, मास्तर."

गावाने पुन्हा सल्ला दिला. हैबती म्हणाला, आम्ही दहाजण कामाला लागतो, गुरुवारपर्यंत खरीच विहीर खणू. चार फुटांवर कातळ लागला तर लागला. कोंडिबा म्हणाला, मास्तरांनी गुरुवारी आजारी पडावं. कुणी म्हणालं, खड्डा रिकामा करून घागरींनी पाणी ओतावं. यावर साळूबाई उसळल्या, "माज्या वेलांच्या तोंडचं खत काढताल, तर बगा!" रतनबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "खरं ते सांगा. नोकरी गेली तर भोरला जाऊ. पडवळं विकू."

"तुला वास सहन होत नाही."

"तुम्ही विका. मी लांब बसेन."

बायकोच्या या शब्दांनी आनंदरावांना जितकी भीती वाटली, तितकाच धीरही आला.

गुरुवारी साहेब आले. पन्नाशीचे, भरदार, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात स्वतःचे बूट. नसरापूरहून निघालेली बैलगाडी वाटेत रुतली होती आणि शेवटचे दोन कोस ते चिखलातून चालत आले होते. परसात पाऊल टाकताच त्यांचं डोकं एका दगडावर आपटलं. ते वळले, तर दुसऱ्यावर. टोपी पडली. आनंदराव ती उचलायला वाकले आणि वाकलेल्या स्थितीतच त्यांनी सगळं सांगून टाकलं: डोहाळे, चोपडी, खड्डा, छापील कागद, पावसाचं पाणी, लाल औषध. काही लपवलं नाही. झारीसुद्धा सांगितली.

साहेबांनी टोपी घातली आणि खड्ड्यात वाकून पाहिलं.

"म्हणजे पाणी नाही?"

"नाही, साहेब."

"कधीच नव्हतं?"

"होतं. पण ते वरचं."

साहेबांनी एक मोठा सुस्कारा सोडला. इतक्यात कुंपणावरून साळूबाईंचा आवाज आला, "मास्तर, सायेब उपाशी दिसत्यात. आदी पानावर बसवा, मंग काय ते रागवू द्या." रतनबाईंना वास नको म्हणून पडवळाची भाजी त्यांनी आपल्या चुलीवर केली होती. भाजी, ताज्या भाकरी, आंबेमोहोराचा वाफाळता भात. साहेब मांडवाखाली घोंगडीवर बसले आणि जेवू लागले. पहिली भाकरी संपेपर्यंत ते बोलले नाहीत. दुसरी संपेपर्यंतही नाही. आनंदराव समोर हात जोडून उभे होते, कोंडिबा त्यांच्यामागे, हैबती कुंपणाशी, आणि अख्खं गाव त्याच्यापलीकडे. साहेबांनी तिसऱ्यांदा भाजी घेतली तेव्हा कुंपणापलीकडून कुणीतरी मोकळा श्वास सोडल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"विलायती पूड घातली होती?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई!" हे साळूबाई, कोंडिबा आणि हैबती यांनी एकदमच सांगितलं. हैबतीने भर घातली, "माजी शेरडं बसली व्हती."

साहेबांनी हात धुतले, सुपारी तोंडात टाकली आणि आनंदरावांना जवळ बसवलं. "मास्तर, अडचण समजून घ्या. ही विहीर नव्हती असं मी लिहिलं, तर ती होती असं लिहिणाऱ्या माझ्या वरच्या तीन सह्या खोट्या ठरतात. आणि ती आहे असं लिहिलं, तर उद्या कुणीतरी पाणी प्यायला येईल." त्यांनी थोडा विचार केला. "तुम्ही खड्डा भरलात ना?"

"हो. पाला, शेण, राख, माती, थरावर थर."

"झालं तर मग." साहेबांनी कागद मांडीवर घेऊन लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'विहीर समक्ष पाहिली. उथळ असल्याने जनावरे पडण्याचा संभव होता. सबब हेडमास्तर यांनी ती स्वकष्टाने बुजवली असून जागेचा उपयोग भाजीपाल्याकडे उत्तम प्रकारे होत आहे.' मग त्यांनी शाबासकीच्या पत्रातला 'खोदल्याबद्दल' हा शब्द खोडला, वर 'बुजवल्याबद्दल' असं लिहिलं, आणि ते पत्र समारंभाने आनंदरावांच्या हातात दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते सगळ्यांनाच कळलं होतं असं नाही, पण मास्तर घरी जाणार नाहीत एवढं कळलं होतं. साहेब परत निघाले तेव्हा बूट हैबतीच्या हातात होते आणि साहेबांच्या दोन्ही काखांत पडवळं होती.

त्यानंतर वेल्ह्यात पडवळाचा सुकाळ झाला. ज्याला त्याला पडवळ. रतनबाई खिडकी लावून बसत आणि साळूबाईंनी पाठवलेली सुकट-भाकरी खात. नवरात्रात किल्ला ढगातून बाहेर आला, भातं पिवळी पडली, आणि पौषात, कडाक्याच्या थंडीत, रतनबाईंना मुलगी झाली.

मुलगी बारा दिवसांची असताना कोंडिबा पुन्हा लखोटा घेऊन आला. आनंदरावांनी तो बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून वाचला. 'सरकारी जमिनीतील विहीर बुजवण्यापूर्वी परवानगी का घेतली नाही, याचा खुलासा आठ दिवसांचे आत करावा.'

आत साळूबाई पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर मुलगी पालथी, पाठीला तेल, बाजूला गरम पाण्याचं घंगाळ. रतनबाई खाटेवरून बघत होत्या. आनंदरावांचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "आता काय म्हणतात?"

आनंदरावांनी पुन्हा मोठ्याने वाचलं. रतनबाईंना हसू आवरेना; पोटावर हात धरून त्या हसू लागल्या, आणि मुलीने सूर लावला.

"काय लिहू यांना?" आनंदराव म्हणाले. "सात कलमांत बसणार नाही हे."

साळूबाईंनी घंगाळातलं पाणी कोपराने चाचपलं, एक तांब्या भरून घेतला आणि मुलीच्या पाठीवर हळूच धार धरली. मुलगी रडायची थांबली.

"लिवा," त्या म्हणाल्या. "हितं पानी वरनं येतंय. खालनं येत न्हाई."

आनंदरावांनी तिथेच, दाराच्या चौकटीवर कागद धरून लिहिलं: 'या गावी पाणी वरून येते, खालून येत नाही. सबब विहिरीची गरज भासली नाही.' खाली सही केली आणि कागद कोंडिबाच्या हाती दिला.

वरच्या कचेरीत तो कुणी वाचला आणि वाचून काय समजून घेतलं, कोण जाणे. उत्तर काही आलं नाही.